रबर बंपरच्या एमजीबीला क्रोमचा चेहरा

(जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आजचा विषय एकाच गाडीचा आहे, कारण या प्रकारचं काम जगात सर्वाधिक ज्या गाड्यांवर झालंय त्यांत ती अगदी पुढे आहे. एमजीबी ही उघड्या टपाची, दोन माणसांची ब्रिटिश गाडी १९६२ साली ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि ऑक्टोबर १९८० पर्यंत तिथेच बनत राहिली. बंद टपाची जीटी धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या. इंजिन शेवटपर्यंत तेच, १७९८ सीसीचं. पण १९७४ च्या सप्टेंबरात तिच्या तोंडावर एक रेघ ओढली गेली. त्याआधीच्या गाड्या क्रोम बंपरच्या, त्यानंतरच्या काळ्या जाड रबर बंपरच्या. बाजारात आजही आधीच्या गाडीला भाव जास्त, नंतरचीला कमी. म्हणून नंतरची घ्यायची आणि तिला आधीचं रूप द्यायचं, हा उद्योग गेली कित्येक वर्षं चालू आहे.

रबर बंपर आला तो अमेरिकेमुळे. एमजीबीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका, आणि तिथला कायदा सांगायला लागला की ताशी ५ मैलांच्या धडकेत दिव्यांना आणि इतर सुरक्षा यंत्रणेला धक्का लागता कामा नये, आणि बंपर जमिनीपासून ठराविक उंचीच्या पट्ट्यात हवा. एमजीबी बनवणाऱ्या ब्रिटिश लेलँड कंपनीकडे नवी गाडी आखायला पैसा नव्हता. त्यांनी पोलादी सांगाड्यावर पॉलियुरेथेन चढवलं, सगळी गाडी सुमारे दीड इंच वर उचलली आणि हीच गाडी सगळ्या देशांत विकली. लांबी सुमारे पाच इंचांनी वाढली, वजन वाढलं. म्हणजे बदल दोन झाले: तोंड बदललं आणि उंची बदलली. रूपांतर करणारे बहुतेक जण पहिल्याच बदलाच्या मागे लागतात. चकचकीत बंपर बसतो, जाळी बसते आणि तरीही गाडी लांबून पाहिली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली ती मोठी फट लपत नाही. एखाद्याला सगळे पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी म्हणेन, आधी गाडी खाली आणा. काळा बंपर तसाच ठेवून नुसती उंची उतरवली तरी अर्धं काम होतं.

पण पहिला नट सैल करण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो: कोणत्या सालाचं रूप द्यायचं? ‘जुनं रूप’ असं एक काही नाही. १९६२ ते १९६९ पर्यंत उभ्या क्रोम पट्ट्यांची, मधोमध बिल्ला असलेली जाळी. १९७० ते ७२ मध्ये आत खोल गेलेली काळी जाळी. ती तेव्हाही अनेकांना आवडली नव्हती. १९७३ आणि ७४ मध्ये पुन्हा जुन्याच घडणीची क्रोम चौकट, आत काळं मधाच्या पोळ्यासारखं जाळं. मागचे दिवे १९७० च्या सुमारास बदलले. आधीचे लहान आणि गोलसर, नंतरचे जास्त चौकोनी. चाकं सुरुवातीला साधी पत्र्याची, वर क्रोमची टोपी, किंवा तारांची. १९६९ च्या शरदापासून रोस्टाइल, म्हणजे नक्षीदार पत्र्याची चाकं. दारांची हँडलं १९६५ पर्यंत खेचायची, नंतर बटणाची. रिव्हर्स दिवे १९६७ च्या मार्क टू, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीपासून.

ही यादी पाठ करायला सांगत नाहीये. पण पूर्ण झालेल्या कित्येक गाड्यांत चूक एकच असते: तोंडाला १९६४ ची जाळी, मागे १९७८ चे दिवे, खाली रोस्टाइल चाकं. एकेक वस्तू छान, पण एकत्र आल्या की जाणकाराची नजर लगेच अडते. म्हणून साल निवडा, आणि ते शक्यतो आपल्या गाडीच्या जवळचं निवडा. १९७३-७४ निवडलं तर रोस्टाइल चाकं राहतात, मागचे दिवे राहतात, टप तोच राहतो, रिव्हर्स दिवे राहतात. बदलायचं ते फक्त बंपर, पुढची जाळी, मडगार्डाचे दिवे आणि उंची. १९६७ ते ६९ हे माझ्या मते दुसरं शहाणपणाचं साल: क्रोम पट्ट्यांची जाळी मिळते आणि रिव्हर्स दिव्यांची भोकं बुजवावी लागत नाहीत. १९६२ च्या मागे लागलात तर आतला डॅश, दारं, हँडलं, सगळंच खुपायला लागतं. ते एका गाडीचं काम राहत नाही.

दुसरी गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. रूप जुनं करायचं, पण खालचं सगळं नवं आहे तेवढं जपायचं. १९७६ च्या ऑगस्टपासून, म्हणजे १९७७ च्या मॉडेलपासून, पुढे आणि मागे दोन्हीकडे अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारे दांडे, आले. त्याआधी १९७५-७६ मध्ये कितीतरी उघड्या गाड्यांना पुढचाही बार नव्हता, आणि उंची वाढलेली. त्या गाड्या वळणावर कलतात असं लोक म्हणतात ते खरं आहे. १९७७ नंतरच्या गाडीत विजेचा पंखा आहे, पुढे सरकवलेला रेडिएटर आहे, ब्रेकला बूस्टर आहे. हे काढून १९६५ चं बसवायला जाऊ नका. बॅटरी मागे एकच १२ व्होल्टची आहे, आधीच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन होत्या. ती एकच राहू द्या. गाडी उभी असताना १९६९ ची दिसावी, चालवताना १९७८ ची वागावी.

आता कामाला लागू. पहिलं काम मोजमापाचं. सपाट जागी गाडी उभी करा, टाकीत निम्मं पेट्रोल, चाकांत योग्य हवा. गाडी मागेपुढे दोन-तीन वेळा ढकला, कोपरे हातांनी दाबून सोडा, म्हणजे स्प्रिंग बसतील. मग चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून बाजूच्या क्रोम पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत अंतर लिहून घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलले की आकडा बदलतो. डावी-उजवी बाजू अर्ध्या इंचापेक्षा जास्त वेगळी असेल तर मागचा एखादा पाटा (पट्ट्यांचा स्प्रिंग) थकलेला आहे किंवा बॉडीच्या एका अंगाला गंज आहे. हे आधी शोधा. गाडी खाली आणायला घातलेल्या नव्या ठोकळ्यांवर जुना तिरकेपणा झाकला जात नाही.

मागची बाजू सोपी. एमजीबीत मागचा ॲक्सल पाट्यांच्या वर बसतो, आणि यू बोल्ट वरून येऊन खालच्या पट्टीत अडकतात. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये एक ते दीड इंचाचा ठोकळा घातला की पाटा आणि त्याबरोबर गाडी तेवढी खाली येते. ठोकळ्याला खाली भोक आणि वर खुंटी असते, पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं त्या भोकात बसलं पाहिजे. नाही बसलं तर ॲक्सल तिरका होतो आणि गाडी एका अंगाने धावते. यू बोल्ट लांब लागतात, जुने वापरता येत नाहीत, आणि एकदा ताणलेले यू बोल्ट तसेही पुन्हा वापरू नयेत. शॉकअपची चिंता नको. त्याचा दुवा खालच्या पट्टीला जोडलेला आहे, पट्टी पाट्याबरोबर खाली गेली, बॉडीही तेवढीच खाली गेली, म्हणजे त्याचा कोन बदलत नाही. बदलतं ते ॲक्सल आणि बंप स्टॉप (ॲक्सल वर आदळू नये म्हणून बसवलेला रबर) यांच्यातलं अंतर. तिथे जागा कमी झाली की प्रत्येक खड्ड्याला मागून दणका बसतो. बंप स्टॉप उंचवट्यावर बसवलेला असेल तर तो उंचवटा कमी करा, किंवा क्रोम बंपरच्या गाडीचा लहान रबर घाला.

आणखी एक बारीक गोष्ट लोक विसरतात: ॲक्सल खाली लोंबू नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्टे असतात. पट्टा जुन्या लांबीचा ठेवला तर ठोकळ्याच्या जाडीएवढा पाटा आणखी खाली जाऊ शकतो आणि शॉकअपचा हात टोकाला जाऊन तुटतो. तेव्हा लहान पट्टे घाला. ज्यांना ठोकळे नको असतील त्यांनी कमी कमानीचे पाटे घ्यावेत. महाग पडतात, पण पाटे तसेही थकलेले असतील तर तोच रास्त मार्ग. मागे अँटी-रोल बार असलेल्या गाडीत काम झाल्यावर सायलेन्सरचा पाइप आणि बार एकमेकांना घासत नाहीत ना, ते गाडी जमिनीवर असताना पाहा, जॅकवर असताना नाही.

पुढची बाजू जास्त सावधपणे करायची. पुढचं क्रॉसमेंबर, म्हणजे पुढची चाकं ज्याला जोडलेली असतात तो आडवा दांडा, रबर बंपरच्या गाडीत वेगळं आहे. काही जण क्रोम बंपरच्या गाडीचं अख्खं क्रॉसमेंबर आणून बसवतात. कागदावर ते सर्वांत शुद्ध, पण स्टिअरिंगचा रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) ज्या कोनात आणि ज्या उंचीवर बसतो तोही बदलतो, म्हणून रॅकही त्या काळचा लागतो आणि कॉलमशी त्याचं जुळवून घ्यावं लागतं. १९७७ नंतरच्या गाडीत तर ते डोकेदुखीच. बहुतेकांसाठी उत्तर एकच: सुमारे एक इंच कमी उंचीचे कॉइल स्प्रिंग.

कॉइल स्प्रिंग काढताना माणूस मरू शकतो, हे मी नाट्य म्हणून सांगत नाही. त्यात साठवलेली ताकद एका क्षणात बाहेर येते. गाडी भक्कम स्टँडवर, चाक काढलेलं, स्प्रिंगच्या खालच्या ताटाखाली ट्रॉली जॅक. ताट चार बोल्टांनी खालच्या हातांना बांधलेलं असतं. त्यातले दोन समोरासमोरचे काढून जागी लांब आट्यांचे दोन स्टड घाला, मग बाकीचे दोन काढा. आता स्टडवरचे नट एकाआड एक, थोडे थोडे सोडत जा. ताट हळूहळू खाली येतं आणि स्प्रिंगची ताकद आट्यांवर उतरते. डोकं किंवा गुडघा त्या रेषेत ठेवायचा नाही. नवा स्प्रिंग बसवताना त्याचं टोक ताटातल्या खाचेत आलं पाहिजे. नाही तर पहिल्याच खड्ड्यानंतर ते जागेवर बसतं आणि तो कोपरा अर्धा इंच खाली जातो. सगळे रबर बुश नव्या उंचीवर, गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. हवेत लटकत असताना आवळले की बुश आयुष्यभर पिळलेले राहतात आणि वर्षभरात फाटतात.

उंची उतरल्यावर अलाइनमेंट पुन्हा करा. एमजीबीचा टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली असतात ते) एक सोळांश ते तीन बत्तीसांश इंच. आणि हेडलाइट पुन्हा लावा, कारण नाक आणि शेपूट सारखी उतरली नसतील तर झोत झाडावर जातो.

आता पत्रा. एमजीबीचं पुढचं मडगार्ड बोल्टने बसवलेलं आहे, हे आपलं भाग्य. मागचं वेल्डने बसवलेलं आहे. रबर बंपरच्या गाडीत इंडिकेटर बंपरमध्येच असतो, म्हणून मडगार्डाला हेडलाइटखाली दिव्याचं भोकच नाही. क्रोम बंपरच्या गाडीत तिथे अर्धी पांढरी, अर्धी पिवळी काच असलेला दिवा असतो. तेव्हा दोन वाटा: क्रोम बंपरच्या गाडीची नवी मडगार्डं घ्यायची, किंवा आहे त्याच मडगार्डाच्या खालच्या पुढच्या भागाची पट्टी कापून दिव्याच्या भोकासकटचा तुकडा जोडायचा. माझं मत स्पष्ट आहे. मडगार्डाच्या मागच्या खालच्या टोकाला, दाराच्या पुढे, माती साचून गंज लागतोच. तिथे ठोकून पाहा. पत्रा गेलेला असेल तर नवं मडगार्ड घ्या. एका खर्चात दोन कामं होतात. पत्रा खणखणीत असेल तरच तुकडा जोडा. मूळ साच्यांवर काढलेले पत्रे ब्रिटिश मोटर हेरिटेजकडून मिळतात. या कंपनीने १९८८ मध्ये एमजीबीची अख्खी नवी बॉडीही बनवायला घेतली. स्वस्त पत्र्यात हेडलाइटचं भोक आणि बॉनेटलगतची कड, या दोन ठिकाणी घोळ असतो. आणल्याबरोबर कोरडंच बसवून पाहा, प्रायमर मारल्यावर दुकानदार परत घेत नाही.

मडगार्ड उतरवायला बॉनेटच्या कडेचे, दाराच्या खांबाकडचे आणि खालच्या पेटीजवळचे बोल्ट काढावे लागतात. तीन-चार दिवस आधीपासून रोज तेल मारा. पिंजऱ्यातले नट फिरायला लागले तर जोर करू नका. बोल्टचं डोकं ग्राइंडरने कापा, नट नंतर बदलता येतो, फाटलेला खांब नाही. आटे यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापाचे आहेत. हाताशी आहे म्हणून मेट्रिक बोल्ट घालणाऱ्याला पुढचा माणूस शिव्या देतो. नवं मडगार्ड आधी चार बोल्टांवर सैल टांगा, दार आणि बॉनेट लावा, फटी पाहा, मगच बाकीचे. दाराच्या बाजूने सुरुवात करून पुढे जा. उलटं केलंत तर उरलेला सगळा फरक दारावर येतो आणि दाराची फट सर्वांत आधी डोळ्यात भरते.

रबर बंपर उतरवायला दोन माणसं लागतात. आत पोलादी सांगाडा आहे, वजन अंगावर येतं. तो चासीच्या दांड्यांच्या टोकांना मोठ्या बोल्टांनी धरलेला असतो, आणि ती टोकं मजबूत करण्यासाठी कारखान्याने पट्ट्या आणि पेट्या वाढवलेल्या आहेत. इथेच पहिला पेच: क्रोम बंपर पातळ, त्याच्यामागे लवचीक पोलादी कमानी लागतात, आणि त्यांचे मूळ कंस या नव्या टोकांवर बसत नाहीत. रूपांतरासाठी खास कंस मिळतात, ते रबर बंपरच्याच भोकांत बसतात आणि कापाकापी वाचते. जी मंडळी पेट्या कापून मूळ रूप आणतात त्यांचं काम दिसायला सुंदर, पण एक तर ते परत फिरवता येत नाही, आणि दुसरं म्हणजे दांड्याच्या टोकाला वेल्ड नीट नाही झाला तर पुढची धडक कशी शोषली जाईल याची खात्री देता येत नाही. कंस घ्या.

पुढे खाली झालर लागते, म्हणजे बंपरखालचा पत्रा; क्रोम बंपरच्या गाडीची झालर वेगळ्या कापाची आहे. मागे तर जास्तच. काळा बंपर निघाला की मागच्या दिव्यांखालचे दोन कोपरे उघडे पडतात आणि मधली झालरच नसते. कोपऱ्यांचे तुकडे आणि मागची झालर वेल्डने जोडावी लागते. कोणी फायबरचे तुकडे चिकटवतो. दोन उन्हाळे गेले की जोडावर रेघ उमटते.

मागच्या या वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी उतरवायची. डिकीच्या तळाखाली ती अगदी या कामाच्या जवळ आहे. ‘रिकामी आहे’ हे कारण चालणार नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण आत वाफ असते. टाकी गॅरेजच्या बाहेर ठेवा. बॅटरी सोडवा, ऑल्टरनेटरच्या तारा काढा, आतला गालिचा आणि डिकीतली चटई बाहेर. पोकळीत कुणी पूर्वी गंजरोधक मेण मारलं असेल तर ते पेट घेतं. एक माणूस फक्त पाणी आणि अग्निशामक घेऊन उभा ठेवा.

पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटरचा आहे. ०.६ ची तार, कमी करंट, आणि एका ओळीत वेल्ड ओढायचा नाही. टाका मारा, दुसऱ्या टोकाला जा, मग मध्ये. प्रत्येक टाक्यानंतर हात लावता येईल इतका गार होऊ द्या. एका ओळीत ओढलं की मडगार्डाची सपाट जागा लाटेसारखी उठते आणि मग ती झाकायला लांबीचा, म्हणजे पुट्टीचा थर चढतो. जोड एकमेकांवर चढवून केला तर मध्ये पाणी अडकतं. समोरासमोर जोडता येत असेल तर तसाच जोडा, नाहीतर आतून जस्ताचं प्रायमर आणि नंतर मेण. लांबीचा थर दोन मिलिमीटरपेक्षा जास्त लागतोय असं दिसलं तर पत्रा पुन्हा ठोका. अमेरिकेहून आलेल्या गाडीत चारही मडगार्डांना बाजूचे छोटे दिवे असतात. जुनं ब्रिटिश रूप हवं असेल तर ती भोकंही याच वेळी बुजवा. पण गाडी अमेरिकेतच चालणार असेल तर तिथला नियम गाडीच्या मूळ सालाला लागतो, ते दिवे राहू द्या.

जाळी बसवताना घाई नको. १९७७ नंतरच्या गाडीत रेडिएटर पुढे आलेला आहे, म्हणून जाळीमागची जागा आणि वरचा आडवा पत्रा जुन्या गाडीसारखा नाही. जाळी बॉनेटच्या ओठाशी समांतर दिसेपर्यंत वरचे-खालचे कंस सरकवा. ती आधी बसवून घ्या आणि बंपर नंतर. उलट केलं की बंपर बरोबर आणि जाळी वाकडी.

दिव्यांच्या तारा. बंपरमध्ये जाणाऱ्या तारांचे गोळीसारखे जोड जाळीमागे सापडतील. विजेचं सामान बनवणाऱ्या लुकासचे तारांचे रंग साऱ्या गाडीत एकच: डावा इंडिकेटर हिरवा-लाल, उजवा हिरवा-पांढरा, पार्किंग लाल, अर्थ (बॉडीला जोडलेली तार) काळी. ज्या गाडीत पार्किंगचा लहान बल्ब हेडलाइटच्या आतच आहे, तिथून लाल तारेची एक फांदी नव्या दिव्यापर्यंत न्यावी लागते. आणि अर्थची काळी तार स्वतंत्र न्या. नव्या रंगवलेल्या मडगार्डातून अर्थ मिळेल या भरवशावर राहिलात तर इंडिकेटर दिला की पार्किंग दिवाही मंदपणे लुकलुकतो, आणि लोक दोन दिवस फ्लॅशर बदलत बसतात. मागे नंबर प्लेटचे दिवे काळ्या बंपरमध्ये होते, ते गेले. क्रोम बंपरवर बसणारे दिवे वेगळे घ्या आणि बंपर लावण्याआधीच त्यांच्या तारा ओढून ठेवा. नंतर हात जात नाही.

क्रोमचे बंपर स्वस्त आणि महाग असे दोन मिळतात. फरक मुलाम्याच्या आधीच्या थरांत असतो: तांबं, मग निकेल, मग अगदी पातळ क्रोम. निकेल कमी असलं की एका पावसाळ्यात तांबूस ठिपके. कोणताही घ्या, बसवण्याआधी आतल्या बाजूला रंग आणि मेण मारा. गंज नेहमी मागून येतो. ओव्हररायडर, म्हणजे बंपरवरचे उभे उंचवटे, तेही सालाप्रमाणे: सुरुवातीच्या गाड्यांना पूर्ण क्रोमचे, ७३-७४ ला पुढे रबराचा ठोकळा असलेले.

चाकांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. तारांची चाकं हवीत असं प्रत्येकाला वाटतं. पण तारांच्या चाकांच्या गाडीचा मागचा ॲक्सल साध्या चाकांच्या ॲक्सलपेक्षा अरुंद असतो, दोन्ही बाजू मिळून दीड इंचाहून जास्त. साध्या ॲक्सलवर बोल्टने बसणारे हब लावले की चाक बाहेर येतं आणि मागच्या मडगार्डाच्या कडेला टायर घासतो, गाडी खाली आणल्यावर तर नक्की. अरुंद ॲक्सल मिळवा किंवा कमी जाडीचे हब आणि बारीक टायर घ्या. कड आत वळवून काम भागवायचा प्रयत्न होतो. रंग तडकतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. हबचे आटे दोन्ही बाजूंना वेगळे: गाडीच्या डाव्या बाजूला उजवे आटे, उजव्या बाजूला डावे. हब अदलाबदल झाले तर चालताना मधला नट आपोआप सैल होतो. चाक बसवून झालं की नट कोणत्या दिशेने आवळला जातोय ते हाताने पाहा, नटावर कोरलेल्या बाणावर विसंबू नका. हबच्या दातांना ग्रीस लावा; सुके दात झिजून धारदार झाले की ब्रेक मारताना टक् असा आवाज येतो, आणि तो आवाज आला की चाक आणि हब दोन्ही बदलायचे.

आतल्या भागावर मी फार वेळ घालवणार नाही. १९७७ नंतरचा प्लॅस्टिकचा डॅश काढून जुना पत्र्याचा बसवणं म्हणजे सगळी वायरिंग आणि मीटर बदलणं. स्टिअरिंग बदला, त्याचा मधला तुकडा आपल्या सालाच्या कॉलमच्या दातांचाच घ्या. एवढ्याने भागतं. आणि रंग बदलणार असाल तर टाहिती ब्लू किंवा वर्मिलियन हे सत्तरच्या दशकातले रंग क्रोमच्या तोंडाशी विसंवादी वाटतात. ओल्ड इंग्लिश व्हाइट, टार्टन रेड, आयरिस ब्लू हे साठच्या दशकातले. रंग बदलला तर नोंदणी पुस्तकात बदल नोंदवा.

कागदांचा विषय निघालाच आहे तर. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी: गाडीचं नोंदणीचं साल जे आहे तेच राहतं, रूप बदललं म्हणून ती १९६८ ची होत नाही. विकताना तसं लिहा. काळ्या पाटीवर चंदेरी आकडे लावायची मुभा १ जानेवारी १९८० आधी बनलेल्या आणि ऐतिहासिक वर्गात नोंदलेल्या गाड्यांनाच आहे, म्हणजे १९८० मध्ये बनलेल्या एमजीबीला नाही. विमा कंपनीला बदल कळवायचाच. न कळवता धडक झाली तर बंपरपेक्षा महागात पडतं. भारतात २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचे नियम आहेत: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नको. १९७५ ची रबर बंपरची एमजीबी आता त्या वयात आली आहे. इथे तिचे दांडे कापण्याआधी थांबा. बोल्टने बसणारे कंस, बोल्टने बसणारी मडगार्डं, पाट्यांवरचे ठोकळे हे सगळं परत फिरवता येतं. मागचे कोपरे आणि झालर वेल्डची आहेत, तेव्हा आरटीओमध्ये आधी लेखी विचारून घ्या.

ज्यांना एवढं करायचं नाही त्यांच्यासाठी तिसरी वाटही आहे: बंपरच नाहीत, पुढे-मागे सेब्रिंग पद्धतीच्या फायबरच्या झालरी. शर्यतीच्या गाड्यांसारखं दिसतं, वजन कमी होतं, मागच्या कोपऱ्यांचं वेल्डिंग टळतं. मात्र इंडिकेटरची सोय करावीच लागते, आणि पार्किंगमध्ये कुणी टेकलं तरी फायबर फुटतं.

उतरवलेले काळे बंपर, जुने स्प्रिंग, लांब पट्टे फेकू नका, गोणपाटात गुंडाळून ठेवा. मूळ रूपाच्या शोधात असलेला गिऱ्हाईक कधीही येतो. सगळं बसवून झाल्यावर दोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी चालवा, मग यू बोल्ट, पुढच्या ताटाचे बोल्ट आणि बंपरचे कंस पुन्हा आवळा, आणि सुरुवातीला लिहून ठेवलेली चार अंतरं पुन्हा मोजा. नवे स्प्रिंग या काळात बहुधा पाव इंच बसतात. त्यापेक्षा जास्त बसले असतील तर एखादं टोक खाचेत नाही, गाडी परत स्टँडवर घ्या.